पेनड्राइव्हचं लॉक घरी उघडतं, दुसरीकडे अडतं: कारणं आणि उपाय

पेनड्राइव्हवर खाजगी कागदपत्रं ठेवणाऱ्यांची एक तक्रार सतत कानावर येते. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केला, म्हणजे पासवर्डशिवाय मजकूर वाचता येऊ नये असा सांकेतिक करून ठेवला, घरच्या कंप्युटरवर आठवडेच्या आठवडे सुरळीत चालला. मग ऐन गरजेच्या वेळी दुसऱ्या कंप्युटरला लावला, तर तो पासवर्ड चुकीचा आहे म्हणतो, अ‍ॅडमिनची परवानगी मागतो, नाहीतर थेट 'डिस्क फॉरमॅट करा' असं सुचवतो. एकदा असं तोंडघशी पडलेला माणूस पुढच्या वेळी तीच फाइल लॉकच्या बाहेर उघडी कॉपी करून ठेवतो. मग ड्राइव्ह कुठेतरी विसरला की सगळं उघड्यावर. एन्क्रिप्शन फोडायची गरजच कुणाला पडत नाही. म्हणून लॉक नेमकं कशामुळे अडतं ते शोधून काढणं हे मजबूत पासवर्ड ठेवण्याइतकंच महत्त्वाचं आहे, असं मी मानतो.

एक सूचना सगळ्यांत आधी. कारण कळेपर्यंत ड्राइव्हवर काहीही लिहू नका. फॉरमॅट नको, 'स्कॅन अँड फिक्स' नको, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणं तर मुळीच नको.

मुळात लॉक आहे का?

फोल्डर हिडन करणारी किंवा त्याच्यापुढे पासवर्डची खिडकी आणून उभी करणारी छोटी सॉफ्टवेअर बरीच मिळतात. त्यांतली अनेक फाइलच्या मजकुराला हातच लावत नाहीत. तपासायला सोपं आहे: ड्राइव्ह लिनक्स चालवणाऱ्या कंप्युटरला लावा. तिथे फाइल्स दिसल्या आणि उघडल्या, तर तुमच्याकडे लॉक नव्हतंच. एक्सेलमधलं 'प्रोटेक्ट शीट' आणि वर्डमधलं 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' हेही बदल रोखण्यासाठी आहेत, वाचन रोखण्यासाठी नाहीत. त्याच प्रोग्रॅममध्ये 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' हा वेगळा पर्याय असतो. खरं एन्क्रिप्शन तेच.

झिप फाइलच्या पासवर्डबद्दल जरा जास्त सांगावं लागेल. झिपची जुनी पासवर्ड पद्धत, झिपक्रिप्टो, कमकुवत आहे हे बिहाम आणि कोचर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिलं. आतल्या एखाद्या फाइलचा थोडा मजकूर आधीच माहीत असेल, तर पासवर्ड न कळताही बाकीच्या फाइल्स उघडता येतात. सेव्हन-झिप या फाइल्स दाबून एकत्र करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये झिप स्वरूप निवडलं की आपोआप हीच पद्धत लागू होते. ती बदलून एईएस-२५६ ही मजबूत पद्धत करा, किंवा सरळ त्याचंच सेव्हन-झेड स्वरूप घ्या आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'वर खूण करा. ती खूण नसेल तर पासवर्ड न देताही आतल्या फाइल्सची नावं वाचता येतात. वैद्यकीय अहवाल किंवा कोर्टाची कागदपत्रं असतील तर नुसतं नावही पुरेसं बोलकं असतं.

आणखी एक फसवा पर्याय विंडोजच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये आहे: 'एन्क्रिप्ट कंटेंट्स टू सिक्युअर डेटा'. हे एन्क्रिप्शन खरं आहे, पण त्याची किल्ली त्या कंप्युटरवरच्या तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. म्हणून दुसरीकडे 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. विंडोज नव्याने टाकलं आणि सर्टिफिकेटची, म्हणजे ती किल्ली जपणाऱ्या फाइलची, प्रत ठेवली नसेल, तर घरीसुद्धा फाइल उघडत नाही. फिरत्या ड्राइव्हसाठी हा पर्याय वापरू नये.

'फॉरमॅट करा' असं म्हणतो तेव्हा

सर्वांत जास्त नुकसान या एका खिडकीमुळे होतं. व्हेराक्रिप्ट या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरने पूर्ण ड्राइव्ह किंवा पूर्ण पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा केलेला भाग) एन्क्रिप्ट केलं की विंडोजला तिथे ओळखीची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल्स मांडून ठेवण्याची रचना, सापडत नाही. एन्क्रिप्ट केलेला डेटा बाहेरून निव्वळ अर्थहीन बाइट्ससारखाच दिसतो. विंडोज मग ड्राइव्ह फॉरमॅट न केलेला समजतं आणि तसं विचारतं. लिनक्सच्या लक्स पद्धतीने किंवा मॅकवर एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह विंडोजला लावला तरी हेच होतं. उलट, बिटलॉकर या विंडोजच्याच एन्क्रिप्शनचा ड्राइव्ह मॅकला लावला तर मॅक तो वाचता येत नाही म्हणतो आणि 'इनिशियलाइझ'चं बटण पुढे करतो. बिघाड यांपैकी कशातच नसतो. 'कॅन्सल' किंवा 'इग्नोर' करायचं, मग आपलं सॉफ्टवेअर उघडून तिथून ड्राइव्ह निवडायचा. व्हेराक्रिप्टमध्ये माउंट करताना, म्हणजे लॉक उघडून ड्राइव्ह वापरात आणताना, विंडोजने त्या ड्राइव्हला दिलेलं अक्षर न घेता दुसरं घ्यायचं.

स्वतःच्या कंप्युटरवर ही खिडकी पुन्हा येऊ नये म्हणून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, त्या पार्टिशनवर राइट-क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मध्ये जा आणि अक्षर काढून टाका. व्हेराक्रिप्टला त्या अक्षराची गरज नसते. पण हा उपाय त्या एका कंप्युटरपुरताच. परक्या कंप्युटरवर खिडकी येणारच, आणि तिथे बटण दाबणारा हात कदाचित तुमचा नसेल. याच कारणासाठी मी फिरत्या ड्राइव्हवर पूर्ण-ड्राइव्ह व्हेराक्रिप्ट सुचवत नाही. ड्राइव्ह साधा एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट केलेला असावा आणि त्यावर व्हेराक्रिप्टची एक कंटेनर फाइल, म्हणजे बाकीच्या फाइल्स लॉक करून पोटात ठेवणारी एक मोठी फाइल, असावी. मग फॉरमॅटचा प्रश्नच कुणी विचारत नाही.

फॉरमॅट होऊन गेलं असेल तरी लगेच आशा सोडू नका. व्हेराक्रिप्ट व्हॉल्यूमचा (एन्क्रिप्ट केलेल्या जागेचा) हेडर, म्हणजे ज्याच्यात खरी किल्ली पासवर्डने बंद करून ठेवलेली असते तो भाग, सुरुवातीला असतो आणि त्याची एक प्रत व्हॉल्यूमच्या शेवटी असते. 'क्विक फॉरमॅट' प्रामुख्याने सुरुवातीचा भाग पुसतं, शेवटची प्रत बहुधा शाबूत राहते. म्हणून या क्रमाने जा:

१. शक्य असेल तर आधी पूर्ण ड्राइव्हची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर काढा आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवर करा.
२. व्हेराक्रिप्टमध्ये पूर्वी जे एन्क्रिप्ट केलं होतं तेच निवडा. पूर्ण डिव्हाइस केलं असेल तर डिव्हाइस, पार्टिशन केलं असेल तर पार्टिशन.
३. 'माउंट ऑप्शन्स'मध्ये 'रीड-ओन्ली' आणि व्हॉल्यूममधला बॅकअप हेडर वापरण्याचा पर्याय, दोन्हींवर खूण करून पासवर्ड द्या. असं केल्याने ड्राइव्हवर काही लिहिलं जात नाही.
४. माउंट झालं पण आत फाइल्स दिसत नसतील, तर आतल्या फाइल सिस्टिमची सुरुवात पुसली गेली आहे. माउंट झालेल्या अक्षरावर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फाइल्स परत मिळवणारे प्रोग्रॅम चालवा आणि मिळालेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलं असेल तर मात्र मार्ग नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळ्या जागेवर शून्यं लिहितं.

लक्समध्ये शेवटी अशी प्रत नसते. हेडर गेला की सगळं गेलं. त्यामुळे लक्स वापरणाऱ्यांनी क्रिप्टसेटअप या लिनक्सवरच्या प्रोग्रॅमच्या हेडर-बॅकअप आज्ञेने प्रत काढून वेगळ्या जागी ठेवणं अत्यावश्यक आहे.

पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा'

पहिला संशयित बिटलॉकरचं ऑटो-अनलॉक. घरच्या कंप्युटरवर ते चालू केलं की पासवर्ड कधी विचारलाच जात नाही, आणि न टाइप केलेला पासवर्ड हळूहळू विस्मरणात जातो. बाहेर गेल्यावर आपण जो टाइप करतो तो 'जवळपास' बरोबर असतो. फिरत्या ड्राइव्हसाठी ऑटो-अनलॉक बंद ठेवा, बोटांना सवय राहू द्या. आत्ताच अडला असाल तर पासवर्डऐवजी चालणारी ४८ अंकी रिकव्हरी की शोधा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, प्रिंट काढून किंवा टेक्स्ट फाइलमध्ये जपलेली असू शकते. अनेक की सापडल्या तर स्क्रीनवर दिसणाऱ्या की-आयडीची सुरुवात जुळवून बघा. सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. कागदावरचा एखादा अंक पुसट झाला असेल तर तो ओळखायला हा गुणधर्म फार उपयोगी पडतो.

दुसरा संशयित कीबोर्ड. अमेरिकन मांडणीत शिफ्टसह २ दाबल्यावर 'अ‍ॅट'चं चिन्ह येतं, ब्रिटिश मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह. जर्मन मांडणीत वाय आणि झेडची अदलाबदल असते. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसत असल्याने हे कळतच नाही. पूर्ण पासवर्ड कुठे उघडा टाइप करून बघू नका. फक्त संशयित चिन्ह एखाद्या रिकाम्या चौकटीत उमटवून बघा.

मराठी टाइप करणाऱ्यांनी इथे आणखी जपायला हवं. भाषा बदलायची राहून गेली की इंग्रजी पासवर्ड देवनागरीत जातो. आणि कुणी मुद्दाम देवनागरी पासवर्ड ठेवला असेल, तर डोळ्यांना सारखंच दिसणारं अक्षर दोन प्रकारे साठवलं जाऊ शकतं. 'दुसऱ्या'मधला ऱ्या एका कीबोर्डवर नुक्त्याच्या 'ऱ'पासून बनतो, तर दुसऱ्यावर साध्या 'र'ला अदृश्य जोडचिन्ह लावून. एन्क्रिप्शनसाठी हे दोन वेगळे पासवर्ड आहेत. माझा सल्ला: पासवर्डमध्ये फक्त रोमन अक्षरं आणि अंक ठेवा, चिन्हं टाळा आणि ती कसर लांबीने भरून काढा. एकमेकांशी संबंध नसलेले सहा-सात शब्द, सगळे लहान लिपीत, कुठल्याही नेहमीच्या मांडणीत कमी दगा देतात.

व्हेराक्रिप्टमध्ये 'पिम' हा पासवर्डसोबतचा आकडा स्वतः ठरवला असेल तर तो प्रत्येक वेळी द्यावाच लागतो. तो चुकला की पासवर्डच चुकल्याचा संदेश येतो. जुन्या कंप्युटरवर उघडायला फार वेळ लागत असेल तर बिघाड समजू नका. पासवर्डचा अंदाज लावणाऱ्याला उशीर व्हावा म्हणून व्हेराक्रिप्ट हॅशिंगच्या, म्हणजे पासवर्डपासून किल्ली घडवणाऱ्या गणिताच्या, लाखो फेऱ्या मुद्दाम करतं. कोणता हॅश वापरला होता ते ऑटोडिटेक्टवर न सोडता निवडून दिलं की वेळ बराच कमी होतो.

फाइल फार जुनी असेल तर ती ट्रूक्रिप्टची, म्हणजे व्हेराक्रिप्ट ज्याच्यातून पुढे आलं त्या जुन्या सॉफ्टवेअरची, आहे का ते बघा. ट्रूक्रिप्टचा विकास मे २०१४ मध्ये थांबला आणि व्हेराक्रिप्टने २०२३ मधल्या १.२६ मालिकेपासून ते स्वरूप उघडणं बंद केलं. १.२५.९ ही आवृत्ती घेऊन फाइल उघडा आणि आतला मजकूर लगेच नव्या कंटेनरमध्ये हलवा.

बिटलॉकरचीही अशीच एक गोष्ट आहे. एन्क्रिप्ट करताना तो 'न्यू एन्क्रिप्शन मोड' की 'कंपॅटिबल मोड' असं विचारतो. नवा मोड विंडोज १० च्या १५११ आवृत्तीत आला, त्याआधीच्या विंडोजला तो उघडता येत नाही. फिरत्या ड्राइव्हसाठी कंपॅटिबल मोड निवडा.

अ‍ॅडमिनची परवानगी मागतो

व्हेराक्रिप्ट पोर्टेबल, म्हणजे न बसवता चालणाऱ्या, स्वरूपात ड्राइव्हवरच ठेवता येतं, पण विंडोजवर चालताना त्याला आपला ड्रायव्हर (विंडोजला जोडून काम करणारा छोटा प्रोग्रॅम) लोड करावा लागतो आणि त्यासाठी अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. कार्यालय, ग्रंथालय, महाविद्यालय इथल्या कंप्युटरवर ते मिळत नाहीत. तिथल्या तंत्रज्ञांनी व्हेराक्रिप्ट आधीच बसवलेलं असेल तर साध्या खात्यातूनही कंटेनर उघडता येतो, म्हणून आधी विचारून बघा. नसेल तर दोन वाटा आहेत. समोरचे सगळे कंप्युटर विंडोजचे असतील तर बिटलॉकर टू गो, म्हणजे फिरत्या ड्राइव्हसाठीचं बिटलॉकर, घ्या. विंडोजच्या होम आवृत्तीत नवा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येत नाही, पण केलेला उघडता येतो आणि त्यावर लिहिताही येतं. लिनक्सवर क्रिप्टसेटअप २.३.० पासून, म्हणजे २०२० पासून, बिटलॉकरचे ड्राइव्ह उघडता येतात. दुसरी वाट पोर्टेबल सेव्हन-झिप आणि सेव्हन-झेड फाइल. तिला अ‍ॅडमिन लागत नाही, मात्र तिची एक उणीव पुढे सांगितली आहे.

बटणं असलेले ड्राइव्हही मिळतात, ज्यांवर पासवर्ड ड्राइव्हवरच टाइप करायचा असतो. कंप्युटर कुठलाही असो, सॉफ्टवेअरचा प्रश्न उरत नाही आणि कीबोर्डवर नजर ठेवणाऱ्या व्हायरसला पासवर्ड दिसत नाही. ज्यांचे कंप्युटर रोज बदलतात त्यांना मी हेच सुचवतो. 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' एवढे दोन शब्द वाचून मात्र निर्धास्त होऊ नका. जानेवारी २०१० मध्ये एसवायएसएस या जर्मन सुरक्षा कंपनीने प्रमाणपत्र मिळालेल्या काही ड्राइव्हमधला मोठा दोष उघड केला. त्यांत पासवर्ड कंप्युटरवरचं सॉफ्टवेअर तपासत होतं आणि पासवर्ड काहीही असो, ड्राइव्हला उघडण्याचा तोच ठरलेला संदेश पाठवत होतं.

कंटेनर खराब झाला

ड्राइव्ह काढताना क्रम पाळा: आधी आतल्या फाइल्स बंद करा, मग व्हेराक्रिप्टमध्ये डिसमाउंट करा (नव्या आवृत्त्यांत याला अनमाउंट म्हणतात), आणि शेवटी विंडोजचं 'इजेक्ट'. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ड्राइव्ह थेट उपटला तरी चालतो हे साध्या फाइल्ससाठी बऱ्याच अंशी खरं आहे. कंटेनरच्या आत मात्र दुसरी फाइल सिस्टिम चालू असते आणि तिचं लिखाण अर्धवट राहू शकतं.

फॅट३२ या जुन्या फाइल सिस्टिममध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून मोठा कंटेनर त्यावर बनतच नाही. इथेही एक्सफॅट हेच उत्तर.

कंटेनर नवा असताना चालला आणि भरत गेल्यावर बिघडू लागला, तर ड्राइव्हची क्षमता खोटी असण्याचा दाट संशय घ्या. असे ड्राइव्ह कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या आतल्या चिपमध्ये, फेरफार करून जास्त जागा दाखवतात आणि खरी जागा संपल्यावर लिहिलेलं हरवतं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं. खाजगी फाइल्स ठेवण्याआधी प्रत्येक नव्या ड्राइव्हवर हे करावंच.

'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश अचानक येऊ लागला आणि ड्राइव्हवर तसा खटकाच नसेल, तर चिप बहुधा शेवटच्या टप्प्यावर आहे. काही कंट्रोलर अशा वेळी लिहिणं बंद करून फक्त वाचू देतात. त्या संधीत सगळं बाहेर काढा, दुरुस्तीच्या मागे लागू नका.

बॅकअपमध्ये एक छुपी अडचण असते. व्हेराक्रिप्ट कंटेनर फाइलची तारीख मुद्दाम बदलत नाही आणि तिचा आकारही तोच राहतो. तारीख आणि आकार बघून कॉपी करणाऱ्या बॅकअप सॉफ्टवेअरला त्यामुळे काही बदललंय हे कळतच नाही, आणि जुनीच प्रत पडून राहते. 'प्रेफरन्सेस'मध्ये तारीख जपण्याचा पर्याय बंद करा. बॅकअप घ्यायचा तो डिसमाउंट केल्यावरच.

लॉक नीट आहे, तरी फाइल बाहेर गेली

परक्या कंप्युटरवर फाइल उघडली की तिच्या खुणा तिथे राहतात: अलीकडच्या फाइल्सची यादी, चित्रांचे थंबनेल, वर्डच्या ऑटोरिकव्हर प्रती, छपाईच्या रांगेतली प्रत. सेव्हन-झिपची उणीव ती हीच. आतल्या फाइलवर डबल-क्लिक केलं की ती आधी त्या कंप्युटरच्या टेम्प फोल्डरमध्ये उघडी उतरते, आणि प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तर तिथेच राहते. म्हणून सेव्हन-झेड फाइल ने-आण करण्यापुरती ठीक आहे, रोज उघडून काम करण्यासाठी नाही. कंप्युटरमध्येच हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल तर कुठलंच एन्क्रिप्शन उपयोगाचं नाही. अविश्वासू कंप्युटरवर अत्यंत खाजगी फाइल उघडू नये, याला पर्याय नाही.

ड्राइव्हवर पूर्वी उघड्या फाइल्स होत्या आणि नंतर एन्क्रिप्ट केलं असेल, तरी जुने अवशेष उरतात. फ्लॅश चिप एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहीत नाही. झीज समान व्हावी म्हणून कंट्रोलर नवा मजकूर दुसऱ्या पेशींमध्ये टाकतो. त्यामुळे फाइल 'श्रेड' करणारं सॉफ्टवेअर ज्यावर लिहितं, ती मूळ जागा असेलच असं नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे मोजून दाखवलं: एकेकटी फाइल पुसण्याची कुठलीच पद्धत फ्लॅशवर भरवशाची ठरली नाही. नवा ड्राइव्ह घेऊन फाइल्स ठेवायच्या आधीच एन्क्रिप्ट करणं सर्वांत चांगलं. जुनाच वापरायचा असेल तर बिटलॉकरमध्ये 'एन्क्रिप्ट एंटायर ड्राइव्ह' निवडा, फक्त वापरलेली जागा नको. पासवर्ड कुणाला कळला असेल तर नुसता बदलून थांबू नका. जुना हेडर एखाद्या पेशीत राहिलेला असू शकतो. नवा कंटेनर करा आणि मजकूर त्यात हलवा.

माझी मांडणी

एक्सफॅट ड्राइव्ह. त्यावर एक व्हेराक्रिप्ट कंटेनर, ड्राइव्हच्या क्षमतेपेक्षा बराच लहान. शेजारी व्हेराक्रिप्ट आणि सेव्हन-झिप यांच्या पोर्टेबल प्रती. जी दोन-चार कागदपत्रं अ‍ॅडमिन नसलेल्या कंप्युटरवर लागू शकतात, ती वेगळ्या सेव्हन-झेड फाइलमध्ये, वेगळ्या पासवर्डने. एखादी कोरी, उघडी मोकळी जागा, म्हणजे कुणाला साधी फाइल देताना-घेताना कंटेनर उघडावा लागत नाही. कंटेनरची पूर्ण प्रत आणि 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर'ने काढलेली हेडर फाइल घरातल्या दुसऱ्या डिस्कवर. बिटलॉकर वापरत असाल तर त्याची रिकव्हरी की कागदावर, ड्राइव्हपासून लांब.

हे सगळं झाल्यावर, फाइल्स आत टाकण्याआधी, ड्राइव्ह एखाद्या ओळखीच्या माणसाच्या कंप्युटरवर साध्या खात्यातून उघडून बघा. एकदा पासवर्डने, आणि बिटलॉकर असेल तर एकदा रिकव्हरी कीनेही. तिथे जे अडेल ते त्याच दिवशी दुरुस्त करा.